पुण्यात रूमवर राहताय आणि डोळे आलेत? मग काय करायचं, काय अजिबात नाही

पावसाळा लागला की आमच्या ओपीडीत गॉगल लावलेल्या पोरापोरींची गर्दी सुरू होते. सदाशिव पेठेत अभ्यासिका लावून एमपीएससी करणारे, हिंजवडीत नोकरी लागून पीजीत राहणारे, कर्वेनगरला कॉट बेसिसवर चौघांत एक रूम घेतलेले. मी डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांच्या आधी जी तुमची नजर तपासते, कधीपासून लाल आहे, काय टाकलं वगैरे विचारते ती मी. आणि "काय टाकलं" या प्रश्नाची उत्तरं ऐकून दरवर्षी जीव कासावीस होतो, कारण घरी असताना आई बघते, इथे बघायला रूममेट आणि कोपऱ्यावरचं मेडिकल एवढंच असतं. म्हणून पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी सगळं एका जागी लिहितेय, सावकाश वाचा आणि रूमच्या ग्रुपवर टाकून ठेवा.

मुद्दा एकच आहे. व्हायरसमुळे आलेले डोळे बहुतेक वेळा आपले आपण बरे होतात, त्यात नजर जात नाही. नजरेला धोका होतो तो दुसरंच काहीतरी असताना "डोळे आलेत" म्हणून घरी बसल्यामुळे किंवा मेडिकलमधून न विचारता आणलेल्या ड्रॉपमुळे.

आधी आरशात नीट बघा

खिडकीजवळ उजेडात उभं राहा, हात साबणाने धुवून खालची पापणी हळूच खाली ओढा. व्हायरसचे डोळे आले असतील तर पांढरा भाग आणि पापणीच्या आतली बाजू गुलाबी-लाल दिसते, डोळ्यातून सारखं पाणी येतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, पापण्या जड आणि थोड्या सुजलेल्या. सकाळी चिपडं असतात, पापण्या थोड्या चिकटतात, पण दिवसभर घट्ट पू येत नाही, पाणीच जास्त. बहुतेकांना आधी एका डोळ्याला होतं आणि दोन-तीन दिवसांत दुसराही येतो. कानाच्या पुढे, जिथे जबडा हलतो तिथे बोट लावून बघा, बारीक दुखरी गाठ लागली तर ती व्हायरसची चांगली खूण आहे, घाबरू नका, ती आपोआप बसते. आदल्या आठवड्यात सर्दी, घसा, कणकण झालेली असेल किंवा ऑफिसात, मेसमध्ये, पोहायच्या टँकवर कुणाचे डोळे आलेले असतील तर जवळजवळ नक्कीच तेच.

आता दुसऱ्या गोष्टी ज्या यासारख्या वाटतात. दोन्ही डोळ्यांना एकदम खाज, प्रचंड खाज, सोबत शिंका आणि चिकट दोऱ्यासारखी पांढरी घाण, ही ॲलर्जी, पुण्यात धूळ आणि बांधकामं इतकी आहेत की हे बाहेरून आलेल्या बऱ्याच जणांना होतं आणि ते कुणाला लागत नाही. दिवसभर पिवळा-हिरवा घट्ट पू, पुसला की परत येतो, तो बॅक्टेरियाचा असण्याची शक्यता जास्त, त्याला अँटिबायोटिक ड्रॉप लागतात. पापणीच्या कडेला एकाच जागी दुखरा फोड म्हणजे रांजणवाडी, तिला कोमट शेक. पांढऱ्या भागावर एकदम लालभडक रक्ताचा डाग पण ना दुखत ना पाणी येत, तो बहुतेक जोरात खोकल्याने, शिंकल्याने फुटलेल्या बारीक शिरेचा असतो, दोन आठवड्यांत जातो.

हे असेल तर पुढचं वाचू नका, आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा

दिसायला कमी झालंय आणि डोळे मिचकावून, चिपडं पुसूनही स्पष्ट होत नाही. खुपणं नाही तर खरंच दुखतंय, आतून ठणकतंय. उजेड सहनच होत नाही, खोलीत पडदे लावून बसावं लागतंय. बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय. दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत आणि सोबत डोकं दुखून उलटी होतेय. डोळ्यात काही उडालं होतं, ग्राइंडिंगचा कण, चुना, ॲसिड, फटाका (चुना किंवा केमिकल असेल तर निघायच्या आधी नळाखाली डोळा उघडा धरून भरपूर पाण्याने धुवा, कमीत कमी पंधरा-वीस मिनिटं, मग जा). यातलं एकही असेल तर ते नुसतं डोळे येणं नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. तुमचा डोळा लाल झाला तर लेन्स त्याच क्षणी काढायची आणि त्याच दिवशी दाखवायचं, उद्या बघू नाही. लेन्स घालून झोपणाऱ्यांना, लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांना बुबुळावर जखम होऊन त्यात जंतू वाढू शकतात आणि ते एक-दोन दिवसांत बुबुळ खातात, मग बरं झाल्यावरही बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, राहतो. तसंच नवजात बाळ, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन किंवा चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर झालेलं माणूस, यांनी घरी वाट बघायची नाही.

दोन व्हायरस असे आहेत ज्यांना "आपोआप जाईल" हा नियम लागू नाही. एक हर्पिस सिम्प्लेक्स, हाच ताप आल्यावर ओठावर पाण्याचे फोड आणतो. हा बहुतेक एकाच डोळ्याला होतो, कधी पापणीवर बारीक फोड येतात, पूर्वी झाला असेल तर परत परत येतो. डॉक्टर डोळ्यात नारिंगी डाय टाकून निळ्या उजेडात बघतात तेव्हा बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी जखम चमकते. याला अँटिव्हायरल औषध लागतं, ॲसायक्लोव्हिरचं मलम वगैरे. दुसरी नागीण. कपाळावर, पापणीवर एकाच बाजूला जळजळ होऊन फोड आले, आणि खास करून नाकाच्या शेंड्याच्या बाजूला फोड दिसला तर डोळ्याला धोका आहे असं समजायचं, गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त फायदा होतो. गावाकडे नागिणीवर मंत्र घालतात, लेप लावतात, त्यात दोन दिवस गेले तर ते दोन दिवस परत मिळत नाहीत, म्हणून घरून फोनवर कुणी असं सुचवलं तर त्यांना शांतपणे समजवा पण तुम्ही दवाखान्यातच जा.

आणि डोळे लाल, सोबत ताप, अंगावर बारीक पुरळ, सांधे दुखतायत, असं सगळं एकत्र असेल तर डोळ्यांच्या नाही, आधी फिजिशियनकडे जा. डासांमुळे पसरणाऱ्या झिका तापात असंच होतं आणि झिका आपल्याकडे नवा नाही, राज्यातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता आणि २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून सुरू होऊन पुण्यात बरेच रुग्ण निघाले. घरात कुणी गरोदर असेल तर हे अजिबात अंगावर काढायचं नाही. लहान मुलाला ताप, खोकला, लाल डोळे आणि पुरळ असेल तर गोवरही असू शकतो, त्याला डॉक्टर व्हिटॅमिन ए पण देतात.

जायचं कुठे हे नवीन माणसाला कळत नाही म्हणून सांगते. पैशांची अडचण असेल तर पुणे स्टेशनजवळ ससून हे सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे डोळ्यांचा विभाग आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, आणि रात्री काही गंभीर झालं तर कॅज्युअल्टी उघडी असते. पिंपरी-चिंचवडकडे राहणाऱ्यांना वायसीएम हे महापालिकेचं हॉस्पिटल जवळ पडतं. हडपसर बाजूला महंमदवाडीत देसाई आय हॉस्पिटल, शिवाजीनगरला एनआयओ हे डोळ्यांचं हॉस्पिटल, आणि प्रत्येक उपनगरात खाजगी डोळ्यांचे डॉक्टर आहेतच. एक लक्षात घ्या, चष्म्याच्या दुकानात नंबर काढून मिळतो, लाल डोळ्याचं निदान तिथे होत नाही, त्यासाठी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डॉक्टरांकडच्या डोळे मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीवर, बघावं लागतं.

मेडिकलमधला तो ड्रॉप

इथे मी थोडी लांबण लावणार आहे कारण सगळ्यात जास्त त्रास इथूनच होतो. तुम्ही काउंटरवर जाता, डोळे दाखवता, आणि तो एक छोटी बाटली देतो, म्हणतो दोन दिवसांत लाली जाईल. आणि जातेही! म्हणूनच ते धोक्याचं आहे. त्या बाटलीत बरेचदा अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड लाली आणि सूज दाबतं, व्हायरस मारत नाही, उलट व्हायरस डोळ्यात जास्त दिवस राहू शकतो. आणि तो हर्पिस असेल तर स्टेरॉइडने बुबुळावरची जखम झपाट्याने पसरते आणि वरून डोळा पांढरा दिसत असल्यामुळे तुम्हाला वाटतं बरं होतंय. दुसरा धोका, काही जणांचं डोळ्याचं प्रेशर स्टेरॉइडने वाढतं, तीच बाटली दर वेळी लाली आली की महिनोन्‌महिने टाकत राहिलं तर काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

तर बाटलीवरचं मोठं नाव नाही, खाली बारीक अक्षरात औषधांची नावं असतात ती वाचायची. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट, यातलं एकही नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे आणि डोळे तपासलेल्या डॉक्टरने स्वतः लिहून दिल्याशिवाय टाकायचं नाही. डॉक्टर स्टेरॉइड देतच नाहीत असं नाही, पापणीखाली पातळ पडदा धरला किंवा बुबुळात डाग आले तर देतात, पण ते तपासून, मोजून, आणि हळूहळू कमी करत बंद करतात. रूममेटची उरलेली बाटली, गेल्या वर्षीची बाटली, ताईने कुरिअर केलेली बाटली, कुठलीच नको. ड्रॉपची बाटली उघडली की साधारण महिन्याभराने टाकूनच द्यायची असते.

नुसतं अँटिबायोटिक म्हणाल तर व्हायरसवर त्याचा काही उपयोग नाही. बॅक्टेरियाचा संशय असला तर डॉक्टर देतात, ती गोष्ट वेगळी. आणि ते लाली घालवून डोळा पांढराशुभ्र करणारे ड्रॉप पण नको, ते रक्तवाहिन्या तात्पुरत्या आवळतात, असर गेला की डोळा आणखी लाल.

घरगुती म्हणून जे काही सांगतात, गुलाबपाणी, मध, कांद्याचा रस, एरंडेल, हळदीचं पाणी, गोमूत्र, बाळंतिणीचं दूध, यातलं काही म्हणजे काही डोळ्यात घालू नका. आज्जी प्रेमाने सांगते हे खरंय, पण यातली एकही गोष्ट जंतुविरहित नसते आणि आधीच सोललेल्या जागी ती जाते.

मग रूमवर करायचं काय

शेक थंड. स्वच्छ रुमाल किंवा कापूस उकळून गार केलेल्या, फ्रिजमध्ये ठेवलेल्या पाण्यात बुडवून पिळायचा आणि मिटलेल्या डोळ्यावर पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. बर्फ थेट लावायचा नाही. फ्रिज नसेल तर माठातलं पाणी घ्या पण ते आधी उकळलेलं असू द्या. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा कापूस, वापरला की कचऱ्यात. चिपडं काढताना नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं, तोच कापूस परत फिरवायचा नाही.

ड्रॉपमध्ये फक्त अश्रूंसारखे साधे ड्रॉप, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, मेडिकलमध्ये "सीएमसीचे टिअर ड्रॉप द्या" म्हटलं तरी कळतं. दिवसातून चार ते सहा वेळा, गार करून टाकले तर अजून बरं वाटतं. टाकायची पद्धत नीट बघा कारण निम्मे लोक गालावरच टाकतात: हात धुवा, आडवे व्हा, खालची पापणी ओढून खिसा करा, बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना न लावता एकच थेंब टाका, डोळा हळू मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा. डोळ्यात मावतोच एक थेंब, दुसरा वाहून जातो. डॉक्टरांनी दोन वेगळे ड्रॉप दिले असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बाटली ज्याची त्याचीच, अगदी सख्ख्या भावालाही नाही.

अंग दुखत असेल, कणकण असेल तर पॅरासिटामॉल, झोप, पाणी. काजळ, आयलायनर, लेन्स बंद. गॉगल लावा, उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे कमी जातो, पण गॉगल लावला म्हणून दुसऱ्याला होत नाही असं काही नाही. नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत, ते पसरतात हातातून.

रूममेटला लागू नये म्हणून

डोळे आणणारे बहुतेक व्हायरस ॲडेनोव्हायरस गटातले असतात आणि हा फार चिवट असतो, कोरड्या टेबलावर, दाराच्या कडीवर कित्येक दिवस, कधी काही आठवडे जिवंत राहतो. शिवाय याला वरचं चरबीचं आवरण नसतं म्हणून सॅनिटायझर याच्यावर नीट चालत नाही, कोविडमध्ये लागलेली सवय इथे पुरेशी नाही, साबण आणि वाहतं पाणी, वीसेक सेकंद चोळून, हेच खरं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत पाच ते बारा दिवस जातात, त्यामुळे आज तुमच्या रूममेटचे डोळे बरे दिसतायत याचा अर्थ तो सुटला असा नाही.

एन्टेरोव्हायरस गटातले याहून वेगवान, एक-दोन दिवसांतच डोळा लाल, कधी पांढऱ्या भागात रक्ताचे ठिपके. १९६९ मध्ये घानात ही साथ पहिल्यांदा नोंदली गेली, तेव्हाच अपोलो ११ चंद्रावर गेलं म्हणून लोक तिला अपोलोचा आजार म्हणायला लागले, आणि १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बंगालमध्ये तिचं नाव पडलं जॉय बांग्ला. आपल्याकडची ताजी आठवण म्हणजे २०२३ चा जुलै, आळंदीत शाळेतल्या आणि वारकरी संस्थांमधल्या मुलांचे डोळे आले आणि बघता बघता पुणे आणि मग राज्यभर साथ पसरली. मुलं एकत्र झोपतात, एकत्र जेवतात, एकच पंचा फिरतो. तुमची कॉट बेसिसची रूम याहून फार वेगळी नाही, म्हणून हे सांगितलं. अशा साथीत नमुने आपल्याच पुण्यातल्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, तपासतात, पण एकट्या पेशंटला तसल्या टेस्टची गरज नसते, डॉक्टर बघूनच सांगतात.

तर रूमवर: टॉवेल, उशीचा अभ्रा, चादर, साबण, बाथरूममधला मग वेगळा. अभ्रा रोज बदला, जमेल तितक्या गरम पाण्यात पावडर टाकून धुवा आणि उन्हात वाळवा, पावसात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. कडी, नळ, लाइटची बटणं, मोबाइल, टीव्हीचा रिमोट, गाडीची किल्ली, हेल्मेटची काच, मेसमधला पाण्याचा जग, अभ्यासिकेतलं टेबल, ऑफिसातलं अंगठ्याचं मशीन, अशा जागा आठवून आठवून पुसा. फरशी आणि कड्यांना पातळ केलेलं ब्लीच (बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून) दहा मिनिटं राहू द्या मग पुसा. मोबाइल आणि मशीनवर ब्लीच नको, ओल्या फडक्याला साबण लावून पुसा आणि वापरल्यावर हात धुवा. दुसऱ्याला ड्रॉप टाकून दिलात तर आधी आणि नंतर हात धुवा. सध्या कुणाचेच डोळे आलेले नसले तरी ही टॉवेलची शिस्त पावसाळ्यात आणि गणपतीच्या गर्दीच्या दिवसांत ठेवलेली चांगली.

किती दिवस चालतं आणि कामावर कधी जायचं

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास होतो, तेव्हा लोक घाबरून डॉक्टर बदलतात, औषधं बदलतात. थोडं थांबा. त्यानंतर उतार लागतो, बहुतेकांचं एक ते दोन आठवड्यांत संपतं, काहींचं तीन आठवडे. डोळ्यातून पाणी येतंय आणि लाली आहे तोवर तुमच्याकडून दुसऱ्याला लागू शकतं, ॲडेनोव्हायरसमध्ये हे दहा ते चौदा दिवस. एवढी सुट्टी कुणालाच मिळत नाही हे मला कळतं, पण जमेल तर पहिला आठवडा घरून काम मागा, डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, लाजू नका. परीक्षा असेल तर आधी फोन करून वेगळी जागा मागा. पीएमपीच्या बसने जायचंच असेल तर दांड्याला धरलेला हात डोळ्याला लावायचा नाही आणि डोळ्याला लावलेला हात दांड्याला नाही.

आठवडा झाला आणि कमी होण्याऐवजी वाढतंय, किंवा मधेच दुखायला, अंधुक दिसायला लागलं तर परत दाखवा. आणि एक गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही: डोळे आल्यापासून दोन-तीन आठवड्यांनी, लाली गेल्यावरही, काही जणांना उजेडाचा त्रास होतो, अक्षरं पुसट दिसतात, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात. ॲडेनोव्हायरसनंतर बुबुळात बारीक डाग राहतात त्याने हे होतं. बहुतेक वेळा काही महिन्यांत जातात, फार त्रास असेल तर डॉक्टर हलके ड्रॉप देतात, पण ते स्लिट लॅम्पवर बघूनच ठरतं म्हणून परत जायचंच.

लेन्सवाल्यांनी लाली पूर्ण जाऊन डॉक्टर हो म्हणाल्यावरच लेन्स घालायची, आणि तीही नवीन. जुनी लेन्स, तिची डबी, उघडलेलं सोल्युशन, काजळाची पेन्सिल, मस्कारा, सगळं टाकून द्या, महाग असलं तरी.